वाटसरूचा हक्क

(ट्रस्टच्या रौप्यमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



चिटणीसांनी आमच्याकडे ‘शिक्षण आणि समाज’ हा विषय पाठविला होता. शिक्षकाला व्यासपीठावर बोलावले की हाच विषय द्यावयाचा, अशी एक रूढीच पडून गेली आहे. आम्ही तो विनयपूर्वक बदलून घेतला. कारण असे की, महोत्सवाच्या निमित्ताने ट्रस्टचे जुने हिशेब चाळण्याचे काम आमच्या वाट्याला आले. त्यांत शिष्यवृत्त्या, वह्यापुस्तके, औषधपाणी, दहन-दफनासाठी साहाय्य अशी नेहमीची खाती आहेत. आणि २०२० सालच्या हिशेबात एक वेगळीच ओळ आहे: ‘रस्त्याने जाणाऱ्यांस मदत’. पुढे रक्कम. त्यानंतरच्या एकाही वर्षी ती ओळ पुन्हा आलेली नाही. ती का आली आणि पुन्हा का आली नाही, एवढ्यावरच आज बोलावयाचे आहे.

२४ मार्च २०२० रोजी रात्री आठ वाजता टाळेबंदी जाहीर झाली आणि बारा वाजता ती अमलात आली. मधले चार तास. ज्यांचे घर येथे होते त्यांनी दारे लावून घेतली. ज्यांचे घर दुसरीकडे होते त्यांचे काम बंद, भाडे चालू आणि गाड्या थांबलेल्या, अशी अवस्था झाली. आपली तरसाली महामार्गाच्या काठावर आहे. मुंबई-अहमदाबाद रस्ता, जुना ८ क्रमांकाचा व आताचा ४८ क्रमांकाचा, जांबुवाकडून येतो, आपल्या बायपासवरून कपुराईकडे जातो आणि पुढे गोल्डन चौकडी गाठतो. सुरतेहून किंवा अंकलेश्वर-भरूचहून पायी निघालेल्या माणसाला दाहोद, झाबुआ किंवा बांसवाडा गाठावयाचे असेल, तर तो आपल्या दारावरूनच जाणार. सुरतेहून येथवर सुमारे १५० किलोमीटर आणि येथून दाहोद जवळजवळ तितकेच. म्हणजे आपल्याकडे तो पोहोचे तेव्हा त्याची अर्धी वाट झालेली असे आणि अंगातले बळ मात्र अर्ध्याहून अधिक खर्ची पडलेले असे.

दिवसा ऊन आणि बंदोबस्त, म्हणून ही माणसे रात्री चालत. आपल्या तरुणांनी बायपासवर पाण्याची पिंपे मांडली, महिला मंडळाने पुरीभाजीची पाकिटे केली. एप्रिलच्या २५ तारखेला रमजान सुरू झाला. मशिदी बंद असल्यामुळे नमाज घरीच होत असे. रोजा सोडून मुले रस्त्यावर जात आणि सहरीच्या वेळी परत येत. त्यांच्या जोडीला गणेशोत्सवात मांडव घालणारी मुले असत. हे आपण सर्वांनी पाहिले आहे, त्याची थोरवी गाण्याचे कारण नाही. परंतु त्या लोकांनी आपल्याकडे काय मागितले, हे मात्र आम्हांस नोंदवून ठेवावेसे वाटते.

अन्न फार थोड्यांनी मागितले. अन्न ते घेत, दुवा देत, पण मागत ते दुसरेच. पहिली मागणी चपलांची. डांबरी रस्त्यावर दीडशे किलोमीटर चाललेली रबरी चप्पल कशी दिसते ते ज्याने पाहिले आहे, त्याला याचे कारण सांगावयास नको. दुसरी मागणी मोबाईल चार्ज करण्याची. एका दुकानदाराने ओटीवर आठ-दहा बटणांची पाटी काढून ठेवली होती. तिच्याभोवती पिंपांपेक्षा अधिक गर्दी असे. तिसरी मागणी अर्ज भरून देण्याची. श्रमिक गाडीसाठी नाव नोंदवावयाचे तर ते संगणकावर. आणि मोबाईलवरचा तो अर्ज गुजराती किंवा इंग्रजी न वाचणाऱ्या माणसाला भिंतीसारखा. एक टोळी आली होती, त्यांच्याजवळ पैसे होते. त्यांनी पाकिटे परत केली आणि एवढेच म्हटले, ‘मास्तर, आमच्या ठेकेदाराला तुम्ही फोन लावा, आमचा तो उचलत नाही.’ आमचाही त्याने उचलला नाही, हा भाग वेगळा.

आणि एक बाई होती. कडेवर दीड-दोन वर्षांचे मूल. तिने पाणी घेतले, मुलाला पाजले, आणि मग त्याचा सदरा वर करून म्हणाली, याच्या आतल्या बाजूला पेनाने याच्या मामाचा नंबर लिहून द्या. आपल्या मुलांपैकी एकाने तो लिहिला. कापडावर बॉलपेन नीट उठेना, म्हणून त्याने तो दोनदा गिरवला. वाटेत आपले काही झाले तर हे मूल कोणाचे, हे कोणालातरी कळावे, एवढाच तिचा हेतू होता. पुरी देणारे पुष्कळ होते. ओळख देणारे मात्र कोणी नव्हते, म्हणून ती आईच आपल्या लेकराला ओळखपत्र करून देत होती.

याच दिवसांत, ८ मे च्या पहाटे, मराठवाड्यात करमाडजवळ जे घडले ते आपणांस स्मरत असेल. जालन्याच्या एका पोलाद कारखान्यातील मजूर, मध्य प्रदेशातील शहडोल आणि उमरिया जिल्ह्यांचे. भुसावळहून गाडी मिळेल या आशेने ते रुळांच्या कडेने निघाले. गाड्या बंद आहेत अशा समजुतीने थकून रुळांवरच झोपले, आणि पहाटे पाचच्या सुमारास मालगाडी आली. १६ माणसे गेली. रुळांवर विखुरलेल्या भाकऱ्यांची छायाचित्रे दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत होती. त्या भाकऱ्यांविषयी पुष्कळ लिहिले गेले. परंतु श्रोतेहो, भाकरी त्यांच्याजवळ होती! नव्हती ती गाडी कोठून व केव्हा सुटते याची खात्रीलायक बातमी, आणि ती सांगणारा माणूस.

सप्टेंबर २०२० मध्ये लोकसभेत प्रश्न निघाला की, वाटेवर किती मजूर दगावले. सरकारचे उत्तर होते की अशी नोंद ठेवलेली नाही. एक कोटीहून अधिक लोक आपापल्या राज्यांत परतले, हा आकडा मात्र त्याच सुमारास सांगितला गेला. १ मे पासून ऑगस्टअखेरपर्यंत ४,६०० हून अधिक श्रमिक गाड्या सुटल्या आणि त्यांतून ६३ लाखांवर लोक गेले, हीही नोंद आहे. गाडीत बसलेला मोजला गेला. वाटेत पडलेला राहून गेला.

आता कायद्याचे पाहा. १९७९ साली आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी संसदेने कायदा केला होता. ठेकेदाराने प्रत्येक कामगाराला छायाचित्रासह पासबुक द्यावे, त्यात मजुरी व उचल लिहावी, गावाहून येण्याचे आणि परत जाण्याचे भाडे द्यावे, प्रवासाच्या दिवसांची मजुरीही द्यावी, अशी त्यात तरतूद होती. म्हणजे परतीचे भाडे ही कोणाची मेहेरबानी नव्हती, तो चाळीस वर्षांचा जुना हक्क होता. परंतु बायपासवर आपल्याकडे आलेल्या शेकडोंपैकी एकाच्याही खिशात आम्ही असे पासबुक पाहिले नाही. शिवाय हा कायदा ठेकेदारामार्फत परराज्यातून आणलेल्यांनाच लागू होता. दाहोदचा मजूर गुजरातचाच, म्हणून तो त्यात बसत नव्हता. त्याच टोळीतला, त्याच बोलीचा, कदाचित त्याचा साडू असलेला झाबुआचा मजूर मात्र बसत होता. पुढे २०२० च्या संहितेत हा कायदा सामावून घेतला गेला आणि स्वतःहून आलेल्या कामगारालाही व्याख्येत जागा मिळाली. व्याख्या रुंदावली हे चांगलेच झाले. पण ती मजुराला वाचून दाखवणार कोण?

हक्क हा शब्द आम्ही मुद्दाम वापरीत आहो. कुराणशरीफात जकातीचे जे आठ हकदार सांगितले आहेत, त्यांत शेवटचा ‘इब्न-उस-सबील’ आहे. शब्दशः वाटेचा पुत्र, म्हणजे वाटसरू. धर्मशास्त्री सांगतात की, तो आपल्या गावी सुखवस्तू असला तरी चालेल. वाटेवर निराधार झाला की तो हकदार झाला. त्याची गरिबी तपासावयाची नाही, त्याची अडचण पाहावयाची. प्रवासात नमाज आखूड करण्याची आणि रोजा पुढे ढकलण्याची मुभा आहे, ती याच दृष्टीने. सबील म्हणजे वाट. मोहरमात आपण सरबताची जी सबील मांडतो तो शब्दही तोच. आणि मराठी मुलखातली पाणपोईही वाटसरूसाठीच. अहिल्याबाई होळकरांनी देशभर घाट, विहिरी आणि धर्मशाळा बांधल्या, त्या आपल्या संस्थानाच्या सीमेबाहेरही. वाटेवरचा माणूस कोणाच्याच राज्यातला नसतो, म्हणून तो सगळ्यांचा, हे त्या माउलीने ओळखले होते.

कोल्हापूरजवळच्या वळिवड्याची हकीकत नव्या पिढीला ठाऊक नसावी. १९४० मध्ये रशियाने हद्दपार करून सायबेरियाकडे नेलेले पोलंडचे लोक पुढे सुटले आणि इराणमार्गे हिंदुस्थानात आले. आपल्याच काठेवाडात, बालाचडीला, नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी १९४२ साली त्यांच्या शेकडो मुलांना आश्रय दिला. वळिवड्यास १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५,००० पोलिश स्त्रिया, मुले व वृद्ध राहिले. तेथे बराकी होत्याच, पण शाळा होत्या, दवाखाना होता, प्रार्थनामंदिर होते. ज्यांचा देश हरवला होता, त्यांची हजेरी रोज शाळेत लागत होती. शिक्षकाच्या दृष्टीने हजेरी ही लहान गोष्ट नव्हे. वॉर्सा शहरात कोल्हापूरचे स्मारक आहे, ते उगीच नाही.

यावर कोणी म्हणेल की टाळेबंदी संपली, आता तो विषय कशाला? टाळेबंदी संपली, वाट संपलेली नाही. १९ जानेवारी २०२१ रोजी सुरत जिल्ह्यात कोसंब्याजवळ रस्त्याकडेला झोपलेल्या मजुरांवर डंपर गेला आणि १५ जण दगावले. ते बांसवाड्याकडचे होते. त्यांना टाळेबंदीने नव्हे, झोपावयास जागा नसल्याने मारले. आणि केवळ गरीबच वाटेवर मरतात असेही नाही. जानेवारी २०२२ मध्ये गांधीनगर जिल्ह्यातील एक कुटुंब, आईबाप व दोन लेकरे, कॅनडातून अमेरिकेत चोरवाटेने शिरताना बर्फात गोठून गेले. त्यांच्याजवळ दलालाला देण्याइतके पैसे होते. त्या दलालांचे जाळे कसे असते हे आपल्या वर्गातल्या मुलांना सांगणे, हे आम्ही भूगोलाच्या तासाचेच काम समजतो.

तात्पर्य, २०२० ची ती ओळ पुन्हा हिशेबात यावी, आणि या वेळी आपत्ती येण्याची वाट न पाहता यावी, अशी आमची सूचना आहे. महोत्सवी निधीतून सभागृहाला वातानुकूलन करावयाचे घाटत आहे. उकाडा आम्हांलाही होतो. तरीही निधीच्या व्याजाचा निम्मा भाग पुढील कामास द्यावा, असे आम्ही विश्वस्तांना लेखी कळविले आहे.

दर रविवारी सकाळी दोन तास ट्रस्टच्या कचेरीत मेज मांडावे. मकरपुऱ्याच्या कारखान्यांतील आणि कडिया नाक्यावर उभे राहणारे मजूर त्या दिवशी मोकळे असतात. ‘एक देश, एक रेशनकार्ड’ योजनेने गावच्या कार्डावर येथल्या दुकानात धान्य मिळते. सर्वोच्च न्यायालयाने २९ जून २०२१ च्या निकालात ही योजना सर्व राज्यांना लागू करावयास सांगितली. पण आधार जोडलेला नसेल, किंवा दुकानदाराने परत धाडले, तर पुढे काय करावे हे त्या माणसाला ठाऊक नसते. ई-श्रमची नोंदणी ऑगस्ट २०२१ पासून सुरू आहे, तीही करून द्यावी. आणि प्रत्येकाला, मुलांनासुद्धा, एक जाड कागदाचे कार्ड द्यावे: नाव, गाव, घरचा नंबर, ठेकेदाराचे नाव व नंबर, हिंदीत आणि गुजरातीत. त्याला खर्च किती? आपल्या एका जेवणावळीच्या पत्रावळींइतका.

दोन आक्षेप आमच्या कानावर आले आहेत. पहिला, हे सरकारचे काम आहे. अगदी खरे. सरकारचे धान्य, सरकारचे कार्ड, सरकारचा कायदा. आपण फक्त अर्जाच्या अलीकडे बसलेल्या माणसाशेजारी बसावयाचे. दुसरा आक्षेप, ते लोक आपले नव्हेत. आपले कोण, हा प्रश्न वडोदऱ्यातील मराठी माणसाने जरा जपूनच विचारावा. गायकवाडांच्या फौजेबरोबर आपले कोणी साताऱ्याकडून आले, कोणी कोकणातून, कोणी खानदेशातून. नंतरचे गिरण्यांना, रेल्वेला आणि कारखान्यांना आले. आमचे आजोबा पत्र्याची पेटी घेऊन वडोदरा स्टेशनावर उतरले, तेव्हा त्यांना पहिली रात्र ज्याने ओटीवर झोपू दिले, त्याचे नाव घरात कोणालाही माहीत नाही.

पैशाविषयी एक खुलासा. जकात हा ज्याचा त्याचा स्वतंत्र हिशेब आहे, त्याला या कामात हात लावावयाचा नाही. खर्च सर्वसाधारण देणगीतूनच व्हावा, म्हणजे मेजासमोर येणाऱ्याला धर्म विचारण्याचा प्रसंगच येणार नाही. होळीला दाहोद-झाबुआकडचे लोक गावी जातात, त्याच्या आधीचे रविवार गर्दीचे असतील. तेव्हा दोन मेजे लागतील, आणि भिली जाणणारा एखादा तरुण मिळाला तर फार बरे. नोंदवही आम्ही करून आणली आहे. पहिल्या चार रविवारांसाठी शिक्षकांपैकी तिघांनी आणि महिला मंडळातील दोघींनी नावे दिली आहेत. पाचव्या रविवारापासूनची पाने कोरी आहेत. ती वही दरवाजाच्या डाव्या हाताच्या मेजावर, चहाच्या शेजारी ठेवली आहे, आणि पेन तिला दोरीने बांधलेले आहे.