फोन खिशात, रस्ता कानात

आजचा भाग बाइक आणि स्कूटरवाल्यांसाठी. आत्ता गाडी चालवता चालवता हे ऐकत असाल, तर बंद करा आणि पोचल्यावर ऐका. का, ते पुढे कळेलच.

विषय असा, की मॅप लावायचा पण बघायचा नाही. फोन खिशात, स्क्रीन बंद, मॅपचा आवाज तेवढा कानात. ऐकायला सोपं वाटतं. पहिल्यांदा करून बघितलं की मात्र गडबडायला होतं आणि लोक परत हँडलवर होल्डर लावतात. म्हणून आज जरा नीट बोलूया: हे का करायचं, कसं करायचं, आणि हा आवाज आपल्याला कुठे फसवतो.

आधी 'का'

ताशी ६० किलोमीटरने गाडी एका सेकंदात साधारण १७ मीटर जाते. होल्डरमधल्या स्क्रीनवर पुढचं वळण शोधायला दोन सेकंद मान खाली घातली, तर ३३ मीटर गेले. शहरातली मोठी बस १२ मीटर लांब असते. जवळजवळ तीन बस एकामागे एक उभ्या केल्या तर होईल तेवढं अंतर तुम्ही न बघता कापलंत. तेवढ्यात खड्डा येतो, रंग उडालेला स्पीडब्रेकर येतो, राँग साइडने कुणीतरी येतो. चारचाकीत असताना टायर आपटतो, दुचाकीवर माणूस आपटतो.

केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यातले साधारण ४४ टक्के दुचाकीवरचे होते. सगळे मॅप बघत होते असं नाही. पण रस्त्यावरून नजर हटली तर सगळ्यात जास्त कोण सापडतं, ते यावरून कळतं.

कायद्याचं म्हणाल, तर १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमानुसार गाडी चालवताना हातातलं उपकरण फक्त रस्ता शोधायला वापरता येतं, आणि तेही लक्ष विचलित होणार नाही अशा पद्धतीने.

आणखी एक कारण, खिशाला लागणारं. सप्टेंबर २०२१ मध्ये ॲपलने स्वतःच सांगितलं, की मोटरसायकलच्या इंजिनाची जोरदार थरथर आयफोनच्या कॅमेऱ्यातली प्रतिमा स्थिर ठेवणारी यंत्रणा खराब करू शकते. शिवाय पावसात ओल्या स्क्रीनवर बोट एकीकडे आणि मॅप दुसरीकडे, हे तुम्ही अनुभवलंच असेल. खिशात फोन कोरडा राहतो, आणि स्क्रीन बंद असल्यामुळे बॅटरीही टिकते.

निघण्याआधीची तीन मिनिटं

आवाजावर गाडी चालवायची तर अर्धं काम गाडी उभी असतानाच करायचं.

पहिलं, मॅपमध्ये दुचाकीचा पर्याय निवडा. गूगलने तो भारतात डिसेंबर २०१७ मध्ये आणला. चारचाकीचा रूट लागला, तर मुंबई-पुणे जाताना आवाज तुम्हाला खुशाल एक्सप्रेसवेकडे नेईल, आणि तिथे दुचाकीला बंदी आहे. वांद्रे-वरळी सी लिंक आणि अटल सेतूचंही तसंच. स्क्रीन बघत नसाल तर हे फाट्यावर पोचल्यावरच कळतं.

दुसरं, सगळा रूट एकदा बोटाने सरकवून बघा. पुण्याहून ताम्हिणीमार्गे कोकणात उतरायचंय? मग पौड, मुळशी, ताम्हिणी, विळे, निजामपूर, माणगाव ही नावं क्रमाने डोक्यात ठेवा. मग आवाज नुसती आठवण करून देतो, रस्ता तुमच्याकडे आधीच असतो.

तिसरं, सुरुवातीची दोन वळणं पाठ करा. निघताना आवाज म्हणतो, "ईशान्येकडे जा." सोसायटीच्या गेटमध्ये उभं राहून ईशान्य कुठली ते कुणाला कळतं? गाडी उभी असताना फोनला तुमचं तोंड कुठे आहे ते नीट समजत नाही. थोडं पुढे गेलात की समजतं.

आणि घाटात जाणार असाल तर त्या भागाचा नकाशा आधी डाउनलोड करा. जीपीएसला नेट लागत नाही. साधारण २०,००० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांचे सिग्नल फोन फक्त ऐकतो, आणि निदान चार उपग्रह मिळाले की जागा काढतो. नेट लागतं ते नकाशासाठी आणि ट्रॅफिकसाठी. म्हणून दुचाकीचा रूट नेट असतानाच सुरू करा. मग पॉवर बटण दाबा, स्क्रीन बंद, फोन चेन असलेल्या खिशात. बॅटरी सेव्हर मात्र चालू ठेवू नका, काही फोन त्यात मॅपच गप्प करतात.

मीटर नको, सेकंद मोजा

"२०० मीटरवर डावीकडे वळा." दोनशे मीटर म्हणजे नक्की किती? चालत्या गाडीवर डोळ्यांना ते सांगता येत नाही. त्यापेक्षा सेकंदात बघा. ताशी ४० ला दोनशे मीटर म्हणजे १८ सेकंद. ६० ला १२. ८० ला फक्त ९. आता कळलं, हायवेवर डावी लेन आधीच का धरायची? नऊ सेकंदांत आरसा, इंडिकेटर, मागचा ट्रक, सगळं बघायचं असतं.

दुसरी सवय आहे शांततेची. आवाज गप्प झाला की नवीन माणूस घाबरतो, "मॅप बंद पडला की काय?" आणि हात खिशाकडे जातो. तर लक्षात ठेवा, गप्प म्हणजे सरळ. मुळशीनंतर घाटात खूप वेळ आवाज येणार नाही, कारण वळायचंच नाहीये. घाटाची वळणं मॅपच्या लेखी वळणं नसतात, तो रस्ताच तसा आहे. शंका आलीच तर पुढची टपरी गाठा, गाडी बाजूला लावा, मग फोन काढा.

आवाज कुठे फसतो

मोकळ्या आकाशाखाली फोनचं जीपीएस साधारण पाच मीटरच्या आत जागा सांगतं. पण हायवे आणि त्याचा सर्व्हिस रोड कधी कधी तेवढ्याच अंतरावर असतात. तुम्ही सर्व्हिस रोडला, आणि मॅपला वाटतं हायवेवर. फ्लायओव्हरला तर आणखी गोंधळ. वर आणि खाली, नकाशावर जागा एकच! उंच इमारतींमध्ये सिग्नल भिंतींवर आपटून येतात, बोगद्यात येतच नाहीत.

अशा ठिकाणी पाटी वाचा. स्क्रीन बघायची नसल्यामुळे डोळे मोकळे आहेत ना, मग वरचा हिरवा बोर्ड वाचायला वेळ आहे. बोर्ड आणि आवाज यांचं जमलं नाही तर बोर्डाचं ऐका. आणि पोलीस किंवा बॅरिकेड समोर असेल तर दोघांचंही ऐकू नका.

कानाचं काय?

दोन्ही कानांत इअरफोन नको. आपल्याकडे ओव्हरटेक उजवीकडून होतं, म्हणून उजवा कान हॉर्नसाठी मोकळा हवा. आवाज डाव्या कानात. नॉइज कॅन्सलेशन बंद. तरीही इअरफोन दिसला की पोलीस अडवू शकतात, हे धरून चाला. त्यापेक्षा हेल्मेटमध्ये बसणारा छोटा स्पीकर बरा, कान उघडे राहतात. पण तो बसवायला आतलं थर्माकोल कापू नका. डोकं वाचवतं ते तेच.

वेग वाढला की वाऱ्याचा आवाज मॅपवर मात करतो. मग लोक व्हॉल्यूम वाढवतात. तसं न करता वेग कमी करा. सूचना ऐकू येत नसेल, तर मागून येणाऱ्या गाडीचा हॉर्न तरी कुठे ऐकू येणार?

गाणी, कॉल आणि पॉडकास्ट, अगदी आपलासुद्धा, मॅपबरोबर नको. आवाज ऐकायलाही लक्ष खर्च होतं. गर्दीच्या चौकात ते सगळं रस्त्याला द्या.

शेवटचं, आणि सगळ्यात महत्त्वाचं. वळण चुकलं तर चुकू द्या. "यू-टर्न घ्या" असं ऐकलं की ब्रेक मारून तिथेच वळू नका, तीन लेन कापून डावीकडे घुसू नका. सरळ जात राहा, मॅप नवीन रस्ता काढतो. पाच मिनिटं जास्त लागतील. डिलिव्हरी करणाऱ्या मित्रांना हे म्हणणं सोपं नाही, त्यांना पाच मिनिटांचाही हिशोब द्यावा लागतो. म्हणून ऑर्डर देणाऱ्या आपल्यासारख्यांनी तेवढं करावं: तो रस्त्यात असताना "कुठे पोचलात?" म्हणून फोन करू नये. पत्ता नीट लिहावा, जवळची खूण द्यावी, आणि थांबावं.

पहिली फेरी ओळखीच्या रस्त्यावर करा. रोजच्या ऑफिसच्या किंवा कॉलेजच्या वाटेवर आवाज लावा आणि तो कुठे, किती आधी बोलतो ते कानाला कळू द्या. चार दिवसांत सवय होते. मग नवीन गावाला जा.

तुमच्या भागात मॅप हमखास कुठे चुकवतो ते आम्हाला नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात. तोपर्यंत हेल्मेटचा पट्टा लावा, आणि सावकाश या!