अनोळखी दार



आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भुमगरा हे पारशी तरुण १९२३ सालीं मुंबईहून सायकलींवर निघाले, ते पृथ्वीप्रदक्षिणा करून १९२८ सालीं परतले. आमची मजल कोल्हापूर ते गगनबावडा, सुमारें ५५ किलोमीटरांचीच! ऐन आषाढांत धर्मग्रामांतील चार तरुण व आम्ही निघालों. कळें मागें पडतांच पावसानें गांठलें. मांडुकलीपाशीं कुंभीचें पाणी रस्त्यावर चढलेलें. मागें फिरावयास अंगांत त्राण उरलें नव्हतें.

एका कौलारू घरांतील आजींनीं दिवा उंच धरला. ‘आधीं चुलीपाशीं बसा,’ एवढेंच त्या म्हणाल्या. पावसाळ्यासाठीं राखलेलें सुकें सरपण त्यांनीं आमचे कपडे वाळविण्यांत खर्ची घातलें. वर नाचणीची भाकरी व पिठलें. नांवें विचारलीं तीं जेवणानंतर; धर्म विचारलाच नाहीं.

त्या रात्रीं आम्हांस झोंप लागेना. २०१९ सालीं ऑगस्ट महिन्यांत पंचगंगेस महापूर आला असतां एक चिंब भिजलेलें कुटुंब आमच्या दारीं आलें होतें. ‘आपण कोणत्या धर्मग्रामाचे?’ हा आमचा पहिला प्रश्न. दार आम्हीं उघडलें, पण प्रश्नानंतर.

सकाळीं पाणी ओसरलें. आम्हीं पैसे पुढें केले. आजींनीं ते परत आमच्या मुठींत दाबले, आणि वाटेसाठीं चार भाकऱ्या बांधून दिल्या.