सभासदांसाठी ऑनलाइन अभ्यासवर्ग : आखणी आणि आरंभ
(संघटनांच्या शिक्षण समित्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



सभासदांच्या वर्गणीवर चालणाऱ्या संघटनांच्या बैठकींत, मग ती कामगारांची युनियन असो, कर्मचाऱ्यांचा महासंघ असो की महिलांची संघटना असो, गेली काही वर्षे एक ठराव हमखास येतो : सभासदांसाठी ऑनलाइन अभ्यासवर्ग सुरू करावेत. ठराव एकमताने मंजूर होतो. एखाद्या तरुण सहकाऱ्यावर जबाबदारी टाकली जाते आणि सर्वांना दुवा पाठवला जातो. पहिल्या व्याख्यानाला पडद्यावर नावांची दाटी होते, तिसऱ्याला ती विरळ होते आणि पाचव्याला वक्ता, सूत्रसंचालक व चार-दोन निष्ठावंत एवढेच उरतात. मग ‘आपल्या लोकांना शिकायची आवड नाही’ असा निष्कर्ष काढून विषय बंद केला जातो. हा निष्कर्ष चुकीचा आहे आणि तो सभासदांवर अन्याय करणारा आहे, हे मला आज मांडावयाचे आहे.

प्रथम गरजेचा विचार करू. चार श्रम संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या आणि त्यांनी २९ केंद्रीय कायद्यांची जागा घेतली. ३०० पेक्षा कमी कामगार असलेल्या कारखान्यात कपात किंवा कारखाना बंद करण्यासाठी आता सरकारची पूर्वपरवानगी लागत नाही. ही मर्यादा पूर्वी १०० होती. संपाची नोटीस दिल्यापासून १४ दिवसांच्या आत संप करता येत नाही आणि हे बंधन आता केवळ सार्वजनिक उपयुक्ततेच्या सेवांपुरते राहिलेले नाही. दुसऱ्या बाजूस, प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणे बंधनकारक झाले आहे आणि निश्चित मुदतीवर नेमलेल्या कामगाराला एक वर्षाच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटीचा हक्क मिळाला आहे. ज्या सभासदाला यातले काही ठाऊक नाही, तो समोर आलेल्या कागदावर सही करून मोकळा होतो. युनियनच्या कार्यालयात तो येतो तेव्हा मुदत टळलेली असते. तेव्हा अभ्यासवर्ग हवा की नको, हा प्रश्नच नाही. तो कसा हवा, एवढाच प्रश्न आहे.

दूर बसलेल्या माणसाला शिकवण्याचा प्रश्न इंटरनेटने जन्माला घातला, असा एक समज आहे. आपल्याच प्रांतातील एक प्रयोग या बाबतीत फार बोलका आहे. १९५६ साली आकाशवाणीने युनेस्कोच्या साह्याने पुणे केंद्रावरून ‘रेडिओ फार्म फोरम’चा प्रयोग केला. पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावे निवडण्यात आली. प्रत्येक गावात साधारण वीस जणांचा एक श्रोतृगट आणि त्याचा एक निमंत्रक. आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचा एक, असे वीस कार्यक्रम दहा आठवड्यांत प्रसारित झाले. गट एकत्र बसून कार्यक्रम ऐके, तो संपला की त्यावर चर्चा करी आणि गटाचे प्रश्न व निर्णय केंद्राकडे कळवले जात. पुढील कार्यक्रमांतून त्या प्रश्नांना उत्तरे मिळत.

या प्रयोगाचे मूल्यमापन मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने केले आणि त्याची पद्धत आजही शिकण्यासारखी आहे. अभ्यासकांनी गट असलेल्या गावांची तुलना दोन प्रकारच्या गावांशी केली : जिथे रेडिओ होता पण गट नव्हता अशी, आणि जिथे रेडिओच नव्हता अशी. गट असलेल्या गावांत लोकांच्या माहितीत जी भर पडली, ती नुसता रेडिओ असलेल्या गावांपेक्षा पुष्कळच अधिक होती. पेटी तीच, आवाज तोच, कार्यक्रमही तोच. भेद होता तो कार्यक्रम संपल्यानंतरच्या चर्चेचा.

कॉम्रेड्स, आता पेटीच्या जागी मोबाइल आला आहे. म्हणून हा भेद पुसला गेला काय? अमेरिकेतील हार्वर्ड आणि एमआयटी या विद्यापीठांच्या खुल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की, २०१७-१८ मध्ये नाव नोंदवणाऱ्यांपैकी जेमतेम ३ टक्के लोकांनी अभ्यासक्रम पूर्ण केला. जगातील नामवंत प्राध्यापक, उत्तम चित्रीकरण, अफाट खर्च, आणि शंभरातले तीन! एकट्याने पडद्यासमोर बसून शिकणे हे चांगल्या पगाराच्या सुशिक्षित माणसालाही जमत नाही. ते दुसरी पाळी करून आलेल्या कामगाराला जमले नाही, यात त्याच्या आवडीचा प्रश्न कोठे येतो? विद्यापीठांजवळ नसलेली एक गोष्ट मात्र संघटनेजवळ असते. शाखा असते, गेटवरची बैठक असते, महिन्याची वर्गणी गोळा करणारा कार्यकर्ता असतो. म्हणजे श्रोतृगट आधीपासूनच तयार आहे. त्याला वगळून थेट प्रत्येक सभासदाच्या खिशातील यंत्राशी व्यवहार करण्याची घाई आपण का करावी, हे मला तरी समजत नाही.

शिवाय ते यंत्र सर्वांच्या खिशात आहे काय? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्के स्त्रियांजवळ स्वतः वापरता येईल असा मोबाइल होता आणि कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया ३३ टक्के होत्या. पुरुषांत हेच प्रमाण ५७ टक्के होते. त्यानंतर परिस्थिती पुष्कळ बदलली असली, तरी आपल्या शाखेतील आकडा आपणच मोजला पाहिजे. ‘मोबाइल आहे का?’ एवढे विचारून भागणार नाही. तो कुणाच्या हातात असतो, किती वाजता मोकळा असतो, महिनाअखेरीस त्यात रिचार्ज उरतो का, हे विचारावे लागेल. २०२१ साली महाराष्ट्रातील हजारो अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले, तेव्हा त्यांची तक्रार हीच होती की संच कुचकामी आहेत आणि ज्यात माहिती भरायची ते ‘पोषण ट्रॅकर’ ॲप इंग्रजीत आहे. वरून लादलेल्या यंत्राबद्दल आपण जी टीका केली, ती उद्या आपल्या सभासदांना आपल्यावर करावी लागू नये.

याच कारणाने चित्रफितीचा मोह आवरावा, असे माझे मत आहे. एक तासाच्या साध्या चित्रफितीला अर्धा जीबी किंवा त्याहून अधिक डेटा लागतो. तेवढेच ध्वनिमुद्रण ३० एमबीच्या आत बसते. वक्त्याचा चेहरा दिसल्याने कायदा अधिक कळतो, असा माझा अनुभव नाही. पंधरा मिनिटांचा ध्वनिपाठ, त्यासोबत छापलेले एक पान आणि पाऊण तासाची गटचर्चा, एवढे पुरेसे आहे.

भाषेविषयी मात्र मी थोडा अधिक वेळ घेणार आहे, कारण तो माझा रोजचा व्यवसाय आहे. इंग्रजी टिपणाचे शब्दशः मराठी केले की पाठ तयार झाला, अशी समजूत आढळते. प्रत्यक्षात अडचण निराळ्याच ठिकाणी येते. ‘टाळेबंदी’ हा आपल्या चळवळीतील जुना शब्द. मालकाने कारखान्याला कुलूप घातले की ती टाळेबंदी. २०२० मध्ये वृत्तपत्रांनी तोच शब्द ‘लॉकडाऊन’साठी वापरला. आज पंचविशीतल्या कामगाराला टाळेबंदी म्हटले की करोना आठवतो, मालक आठवत नाही! दुसरे उदाहरण अधिक गंभीर आहे. निश्चित मुदतीवर कंपनीने थेट नेमलेला कामगार आणि ठेकेदारामार्फत आलेला कामगार, या दोघांनाही बोलीभाषेत ‘कंत्राटी’च म्हणतात. कायद्याच्या दृष्टीने त्यांची स्थिती भिन्न आहे आणि एक वर्षानंतरच्या ग्रॅच्युइटीची ती तरतूद पहिल्यासाठी आहे. पाठात दोघांनाही ‘कंत्राटी’ म्हटले, तर ज्याचा हक्क आहे तो मागणार नाही आणि ज्याला ही तरतूद लागू नाही तो हेलपाटे घालील. म्हणून ‘मुदतीचा कामगार’ आणि ‘ठेकेदाराचा कामगार’ असे दोन शब्द पहिल्या पाठातच पक्के करावेत व अखेरपर्यंत तेच वापरावेत. शैलीसाठी पर्यायी शब्द शोधण्याची ही जागा नव्हे.

आपले मराठी सभासद इंदूर, बडोदा, बेळगाव, हैदराबाद अशा ठिकाणीही आहेत. त्यांच्यातील पुष्कळ तरुणांना मराठी ऐकून सहज समजते, पण वाचताना हिंदी किंवा कन्नड अधिक सोयीचे वाटते. ध्वनिपाठाचा हा आणखी एक लाभ. मात्र संहिता केंद्राच्या असल्या तरी नियम राज्याराज्यांचे आहेत, तेव्हा राज्यापुरता भाग निराळ्या पाठात ठेवावा; एकाच पाठात सर्व कोंबल्यास बेळगावच्या कामगाराच्या हाती महाराष्ट्राचा नियम पडेल.

व्यवस्थेबद्दल थोडक्यात. प्रारंभ सर्वत्र एकदम करू नये. तीन शाखा निवडाव्यात, त्यांपैकी एक अशी असावी की जिथे आपले काम दुबळे आहे. गटनिमंत्रकांना आधी दोन दिवस प्रत्यक्ष भेटून तयार करावे. वेळ पाळीप्रमाणे ठरवावी, वक्त्याच्या सोयीप्रमाणे नव्हे. गटांकडून आलेल्या प्रश्नांना पुढच्या पाठात उत्तर मिळालेच पाहिजे. एकदा प्रश्न अनुत्तरित राहिला की गट गप्प होतो. फुकट मिळणाऱ्या बैठक-सेवांवर विसंबताना त्यांच्या वेळेच्या मर्यादा आधी पाहाव्यात. आणि सभासदांची यादी, दूरध्वनी क्रमांक व कारखान्याचे नाव यांसह, कोणत्याही खासगी कंपनीच्या अर्जात भरू नये. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला आहे, तो संघटनेलाही लागू होऊ शकतो. पण त्याहीपेक्षा, ती यादी मालकाच्या हाती पडली तर काय होते हे या सभागृहात कुणाला सांगण्याची गरज नाही.

यश कशाने मोजावे? प्रमाणपत्रांच्या संख्येने मोजू नये. वर्ग सुरू झाल्यापासून तीन महिन्यांत किती सभासदांनी आपले नेमणूकपत्र शाखेत आणून दाखवले, किती जणांनी ते मालकाकडे लेखी मागितले, हे मोजावे. आणि पुणे प्रयोगाप्रमाणे वर्ग न झालेल्या एका शाखेत तेच मोजून ताडून पाहावे.

मुदतीच्या कामगारावरील पहिल्या ध्वनिपाठाचा मसुदा तयार आहे. चहानंतर तो दोनदा ऐकवला जाईल. ऐकताना प्रत्येकाने न कळलेला शब्द कागदावर लिहावा आणि ते कागद संध्याकाळपर्यंत माझ्याकडे द्यावेत.