विटा तेवढ्याच!



ज्यू आणि ख्रिस्ती लोकांच्या धर्मग्रंथातलं 'निर्गम' हे पुस्तक आम्ही पन्नाशीत पहिल्यांदा वाचलं. देव आणि चमत्कार आम्ही मानत नाही; पण त्यातली माणसं ओळखीची निघाली.

मिसरचा राजा इस्राएली गुलामांकडून विटा पाडून घेई. त्यांनी उपासनेसाठी तीन दिवस मागितले, तर त्यानं पेंढा देणंच बंद केलं. पेंढा तुम्हीच गोळा करा, विटा मात्र तेवढ्याच! कमी भरल्या की त्यांच्यातल्याच मुकादमांना मार. गिरणी कामगाराला हे समजावून सांगायला नको.

मुलगे जन्मताच मारा, हा राजाचा हुकूम शिप्रा आणि पुवा या दोन सुइणींनी मोडला. ग्रंथात त्यांची नावं आहेत, त्या राजाचं नाव नाही!

पुढे 'गणना' या पुस्तकात सुटलेले हेच लोक रानात मिसरची मासळी, काकड्या, कांदा-लसूण आठवून रडतात. गुलामी सुटली, चव सुटली नाही.

बंधु-भगिनींनो, १९५६ साली आपले वाडवडील बाहेर पडले. आपल्या घरच्या कोनाड्यात जुनं काय उरलंय, ते आज ज्याचं त्यानं बघावं.

जय भीम!