व्यायामाचे व्यसन : शिस्त कोठे संपते?

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेतील व्याख्यानाचा संपादित भाग)



उरण हे बंदराचे आणि बंदोबस्ताचे गाव. करंजा येथे नौदलाचे शस्त्रागार आहे. जवाहरलाल नेहरू बंदराच्या रक्षणाची जबाबदारी केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे आहे. सैन्यभरतीचे स्वप्न उराशी बाळगून पहाटे धावणारे तरुणही येथे आहेत. अशा गावात व्यायामाची निंदा कोणी करू नये, आणि माझाही तो हेतू नाही. मात्र जो व्यायाम माणसाच्या आज्ञेत राहत नाही, उलट माणसालाच आज्ञा करू लागतो, त्याविषयी बोलणे आवश्यक आहे.

१९७० साली फ्रेडरिक बेकलँड या अमेरिकन संशोधकाला व्यायाम थांबविल्याचा झोपेवर काय परिणाम होतो, हे पाहायचे होते. रोज व्यायाम करणाऱ्या अनेकांनी, कितीही मोबदला दिला तरी, महिनाभर थांबण्यास नकार दिला. त्या नकारातच या विकाराचे मर्म आहे. मानसोपचारातील प्रमुख आंतरराष्ट्रीय वर्गीकरणांनी त्यास अद्याप स्वतंत्र आजार मानलेले नाही. परंतु त्याची लक्षणे इतर व्यसनांसारखीच असतात. मात्रा वाढत जाते, खंड पडला की चिडचिड आणि निद्रानाश होतो, घर आणि नाती मागे पडतात, आणि कमी करण्याचा निश्चय वारंवार मोडतो.

सैनिकाच्या बाबतीत हे ओळखणे अधिक कठीण असते. दारूचे व्यसन लपवावे लागते. व्यायामाच्या व्यसनाला शाबासकी मिळते. शारीरिक क्षमता हा त्याच्या नोकरीचाच भाग आहे. वैद्यकीय श्रेणी खालावली तर बढती आणि नेमणुकीवर परिणाम होऊ शकतो, म्हणून दुखणे अंगावर काढले जाते. कधी धावणे हे भयाण आठवणींपासून दूर पळण्याचे साधन बनते. निवृत्तीनंतर गणवेश जातो, दिनक्रम मोडतो, आणि ‘मी अजून सैनिक आहे’ हे स्वतःला पटवून देण्यास केवळ व्यायाम उरतो.

शरीर मात्र हिशेब ठेवते. १८५५ साली ब्राइथाउप्ट या प्रशियन लष्करी वैद्याने लांब कूच करणाऱ्या सैनिकांच्या सुजलेल्या, दुखऱ्या पायांचे वर्णन केले. पुढे क्ष-किरणांचा शोध लागल्यावर तो हाडांना गेलेला सूक्ष्म तडा असल्याचे उमगले. हाड ताणानंतर विश्रांतीतच स्वतःची डागडुजी करते; ती विश्रांती नाकारली की तडा वाढतो. अतिश्रमाने, विशेषतः आपल्या किनारपट्टीच्या दमट उष्म्यात, स्नायूंच्या पेशी फुटू शकतात. त्यातील द्रव्ये रक्तात मिसळून मूत्रपिंड निकामी करू शकतात. श्रमानंतर लघवी गडद तपकिरी झाली, तर तत्काळ रुग्णालय गाठावे.

कुटुंबीयांनी किती किलोमीटर धावतो, एवढेच मोजू नये. डॉक्टरांनी सांगितलेली विश्रांती तो घेऊ शकतो का, हे पाहावे. ताप असताना, पाय लंगडत असताना, घरात कार्य असतानाही तो बाहेर पडतो का? थांबविल्यास संतापतो का? उत्तर ‘होय’ असेल, तर वाद घालू नये, टोमणे मारू नयेत. सोबत घेऊन डॉक्टरांकडे यावे.

उपचारात व्यायाम कायमचा बंद करीत नाहीत. दुखापतीची तपासणी होते, आहार पाहिला जातो, नैराश्य किंवा आघाताच्या खुणा शोधल्या जातात. समुपदेशनातून व्यायामामागची सक्ती सैल केली जाते आणि विश्रांतीचा दिवस वेळापत्रकात कर्तव्य म्हणून लिहिला जातो. सैनिकाला आज्ञा पाळणे ठाऊक असते. विश्रांती हीसुद्धा आज्ञाच आहे, हे त्यास पटवावे लागते. ‘टेलि-मानस’ या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक सर्वांसाठी आहे. सैन्यदलातील व्यक्ती आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात डिसेंबर २०२३ मध्ये या सेवेचा विशेष कक्षही सुरू झाला.

दात्यांच्या औदार्याने अस्थिरोग विभागात यंत्रे येतात, आणि तुटलेले हाड जुळते. परंतु तेच हाड पुन्हा का तुटले, हे विचारायला वेळ असलेला समुपदेशकही तितकाच गरजेचा आहे. त्या कामालाही आपला आधार लाभावा, ही विनंती करून मी आपली रजा घेतो.