टेम्पो घ्यायचाय, पण कुठला?



दिवाळीच्या आसपास सोयाबीन-उडदाचे पैसे हातात आले, की आमच्या परंडा तालुक्यात एक प्रश्न हमखास कानावर येतो. "अण्णा, टेम्पो घ्यायचाय. कुठला घेऊ?" विचारणारा बहुधा पंचविशीतला पोरगा असतो. घरी चार-पाच एकर रान, दोन-तीन दुभती जनावरं, आणि दूध किंवा बार्शीच्या बाजाराची भाडी मारायचा बेत. त्याला माझ्या तोंडून कंपनीचं नाव ऐकायचं असतं. मी त्याला आधी विचारतो, बाबा, तू त्यात भरणार काय?

आता हा 'टेम्पो' शब्द. आपण कुठल्याही छोट्या मालगाडीला टेम्पो म्हणतो, पण मुळात ते जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या एका कारखान्याच्या गाड्यांचं नाव. नगरचे नवलमल फिरोदिया यांनी १९५८ साली बजाज टेम्पो कंपनी उभी केली, त्या गाड्या इथे बनू लागल्या, आणि तीनचाकी टेम्पो बाजारपेठेतल्या बोळाबोळांत शिरला. १९६९ साली मॅटॅडोर आली. त्याच कंपनीला २००५ पासून फोर्स मोटर्स म्हणतात. टाटांची ४०७ आली १९८६ साली, आणि २००५ साली आला टाटा एस, आपला छोटा हत्ती. दोन सिलिंडरचं, जेमतेम ७०० सीसीचं डिझेल इंजिन आणि १६ हॉर्सपॉवर ताकद, एवढ्यावर त्याने गावोगावच्या पोरांना मालक केलं. महिंद्राची पिकअप तर आपल्या भागात दर दुसऱ्या वस्तीवर उभी दिसते. या बहुतेक गाड्या आपल्या पुणे-नाशिकच्या पट्ट्यात जन्मल्या किंवा वाढल्या. त्यामुळे त्यांची नस ओळखणारे मिस्त्री आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या तयार झाले. हा मुद्दा लक्षात ठेवा, मला पुन्हा त्याच्याकडे यायचंय.

तर, भरणार काय? परंड्याच्या किल्ल्यात पूर्वी मुलूखमैदान तोफ होती. १५४९ साली अहमदनगरला ओतलेली, वजन सुमारे ५५ टन. १६३२ साली ती इथून विजापूरला नेली, तेव्हा दहा हत्ती आणि चारशे बैल लागले असं सांगतात. नेणाऱ्यांनी आधी ओझ्याचा अंदाज घेतला असणार, मग जनावरं जुंपली असणार. आपण मात्र आधी शोरूममध्ये जातो आणि ओझ्याचा विचार हप्ता सुरू झाल्यावर करतो.

कांद्याची गोणी ५० किलोची धरा. साडेसातशे किलो वाहणाऱ्या छोट्या गाडीत नियमाने १५ गोण्या बसतात. हौद्यात जागा तीस गोण्यांची दिसते, म्हणून आपण तीस भरतो. दीड टन ओझं त्या पाट्यांवर, त्या ब्रेकवर, त्या टायरांवर बसतं. वर्षभर गाडी तक्रार करत नाही. मग एक दिवस पाटा तुटतो, चाकाचं बेअरिंग बोलायला लागतं, आणि आपण म्हणतो गाडीच बोगस निघाली. कडब्याचं उलटं आहे. कडबा हलका पण जागा खाणारा, त्याला लांब हौदा हवा, इंजिन थोडं कमी ताकदीचं चालेल. दुधाचा ४० लिटरचा कॅन भरला की ४१ किलोचं नुसतं दूध, वर कॅनचं वजन वेगळं. असे पंचवीस कॅन म्हणजे टनाच्या वर गेलात. म्हणून गाडी बघायच्या आधी दोन आठवडे वहीत लिहा : काय माल, किती वजन, कुठपर्यंत, येताना रिकामं की भरलेलं. नेहमीचं ओझं दीड टनाचं असेल, तर छोट्या हत्तीच्या वाटेला जाऊ नका, दीड-पावणेदोन टनाची पिकअप घ्या. कधीतरी वर्षातून चारदा तीन टन न्यायचं असेल, तर तेवढ्यासाठी मोठी गाडी घेऊ नका, त्या चार खेपा भाड्याने करा.

दुसरा प्रश्न, डिझेलच का? डिझेल इंजिन कमी फेऱ्यांवर जोराची ओढ देतं. भरलेली गाडी बार्शीकडून येडशीच्या चढाला लागली की ही ओढ कामाला येते. रोज शंभर-दीडशे किलोमीटर भरून पळणार असाल तर डिझेल परवडतं. पण गावातल्या गावात दहा-पंधरा किलोमीटर फिरणार असाल, तर मी डिझेल घे म्हणणार नाही. त्यामागे पैशापलीकडचं एक कारण आहे, ते नीट ऐका.

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ लागू झालं. तेव्हापासूनच्या डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारा फिल्टर असतो. अडवलेली काजळी तो जाळून टाकतो, पण त्यासाठी धूर चांगला तापावा लागतो, आणि तो तापतो गाडी सलग पळाल्यावर. दर अर्ध्या किलोमीटरला थांबून दूध गोळा करणारी गाडी कधी तापतच नाही. फिल्टर तुंबतो, डॅशबोर्डवर दिवा लागतो, आपण दिव्याकडे कानाडोळा करतो, मग गाडी ओढायचीच बंद होते. दिवा लागला की गाडी परंडा-बार्शी रस्त्यावर वीसेक मिनिटं एका वेगात चालवा, बहुतेक वेळा काम होतं. कुणी म्हणेल, फिल्टर कापून टाकू, हजार-दोन हजारात. ऐकू नका. ती काजळी मग आपल्याच पोरांच्या छातीत जाते, आणि पासिंगच्या वेळी गाडी अडकते ती वेगळीच.

या नव्या इंजिनांत डिझेल सोळाशे बार किंवा त्याहून जास्त दाबाने नोझलमधून फवारलं जातं. टायरमधल्या हवेच्या कित्येक शेकडो पट दाब. एवढ्या बारीक कामात पाण्याचा थेंब किंवा भेसळ शिरली, की पंप आणि नोझल दोन्ही जातात. कॅनमध्ये साठवलेलं, गाळ बसलेलं डिझेल जुन्या मॅटॅडोरने पचवलं असेल, नवी गाडी पचवत नाही. डिझेल फिल्टरखाली पाणी सोडायचा नळ असतो, तो पावसाळ्यात तरी आठवड्याला उघडून बघा. आणि एअर फिल्टर! काळ्या रानातल्या वाटेवर, उसाच्या हंगामात जी धूळ उडते, ती पुस्तकात लिहिलेल्या किलोमीटरची वाट बघत नाही.

आता मिस्त्रीचा मुद्दा. माझ्या लेखी भरवशाची गाडी म्हणजे जी सकाळी बंद पडली तर संध्याकाळपर्यंत आपल्याच तालुक्यात चालू होते. कधीच बंद न पडणारी गाडी कुणी बनवलेली नाही. म्हणून घेण्याआधी परंड्यातल्या, बार्शीतल्या, करमाळ्यातल्या तीन मिस्त्र्यांकडे चहा प्या. विचारा, या गाडीचं काय आधी जातं? क्लच प्लेट इथे मिळते का, की पुण्याहून मागवता? एखाद्या पार्टसाठी गाडी चार दिवस उभी राहिली, तर चार दिवसांचं भाडं गेलं आणि दूध संघाचा विश्वासही गेला. गाडी कितीही देखणी असो, पार्ट जवळ मिळत नसेल तर ती आपल्यासाठी नाही.

जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी माझी स्वतःची चूक सांगतो. माझी पहिली पिकअप मी दुपारी बघायला गेलो. मालकाने अर्ध्या सेल्फात चालू करून दाखवली, आवाज गोड होता, मी जागेवर बयाणा दिला. डिसेंबरच्या थंडीत पहाटे साडेचारला कळलं, की थंड इंजिन दहा-दहा मिनिटं उठतच नाही. त्या दुपारी मी जायच्या आधी इंजिन तापवून ठेवलेलं होतं. इंजिनाचं काम करावं लागलं, माझं एक वर्ष त्यात गेलं. तेव्हापासून मी गाडी पहाटे बघतो आणि आधी बॉनेटवर हात ठेवतो. गरम लागलं तर परत येतो, दुसऱ्या दिवशी न सांगता जातो.

गाडी चालू झाली की मागे उभे राहा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. पांढरा धूर थंडीत क्षणभर चालेल, पण तापल्यावरही येत असेल आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल, तर हेड गॅस्केटची शंका घ्या. काळा धूर म्हणजे डिझेल पुरतं जळत नाही. आणि बीएस-६ गाडीने काळा धूर सोडला, तर फिल्टर फुटलाय किंवा कुणी आधीच काढलाय असं समजा. मग ऑइल भरायचं झाकण उघडा, तिथून भपाभप वाफ मारत असेल तर मिस्त्री म्हणतो, बॅक मारतेय. बोअर-पिस्टन संपत आलेत. शेवटी सतरंजी टाकून गाडीखाली झोपा. पाटे जिथे चॅसीला टांगलेत तिथे ताजं वेल्डिंग आणि त्यावर नवा काळा रंग दिसला, की ती गाडी आयुष्यभर दुप्पट वाहिलेली आहे. मीटरवरचे किलोमीटर खोटे असू शकतात, चॅसी खोटं बोलत नाही.

कागदांचं थोडक्यात. आरसी बुक परिवहनच्या संकेतस्थळावर ताडून बघा, फायनान्स कंपनीचं नाव अजून चढलेलं असेल तर ते उतरल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. मालवाहू गाडीचं फिटनेस आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी करावं लागतं, तो खर्च जुन्या गाडीच्या किमतीत धरा. मालासह एकूण वजन साडेसात टनांपर्यंत असलेली मालगाडी हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पक्कं केलं, त्यामुळे वेगळा परवाना लागेल या भीतीने एजंटाला पैसे चारू नका. पण हौद्यात माणसं बसवू नका, वऱ्हाड असो की उसाची टोळी. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते, आणि गेलेलं माणूस तर कुणीच भरून देत नाही.

एवढं सगळं पटलं, की मालकाला सांगा, रिकामी नको, भरलेली चालवून बघतो. हौद्यात तुमच्याच रानातल्या, त्या गाडीला नियमाने चालतील तेवढ्या गोण्या टाका आणि चढाला न्या. अर्ध्या चढावर थांबा, हँडब्रेक लावा, गाडी जागची हलते का बघा. मग पहिल्या गिअरात उचला. क्लच घसरला तर जळका वास येईल. क्राऊन गेला असेल तर मागून कुईं असा आवाज येईल. रेडिओ बंद ठेवा, खिडकी उघडी ठेवा, आणि सोबत तो चहा पाजलेला मिस्त्री असू द्या.