मानेचं दुखणं कुणाचं?



आरोग्यावर बोला म्हटलं की आपण रक्तक्षय, बाळंतपण, गर्भाशय यांवर बोलतो. आज मी मानेवर बोलणार आहे.

आमच्या वस्तीजवळच्या एका कार्यालयात बारा-तेरा जणी कॉम्प्युटरवर फॉर्म भरतात. पैसे फॉर्ममागे. त्यांतल्या पन्नाशीच्या एक ताई मान-खांदा दुखतो म्हणून माझ्याकडे आल्या. डॉक्टरांनी कॅल्शियम दिलं होतं, घरचे म्हणाले होते, वय झालं. आणि मी, एम.एस.डब्ल्यू. झालेली बाई, मानेचे व्यायाम सांगून मोकळी झाले.

त्यांच्या कामाची जागा मी पाहिली ती महिन्याभरानं. स्क्रीन दोन जाड रजिस्टरांवर चढवलेला. ताईंचा चष्मा बायफोकल, जवळचं दिसतं ते भिंगाच्या खालच्या भागातून. म्हणजे दिवसभर हनुवटी वर, मान मागे. शेजारची मुलगी लॅपटॉपवर, तिची मान खाली. आपलं डोकं साडेचार-पाच किलोचं. सरळ असतं तेव्हा मणके ते पेलतात. पुढे झुकलं की मागचे स्नायू ओढून धरतात. भरलेली कळशी कडेवर वेगळी लागते आणि हात लांब करून धरली की वेगळी, तसंच. तासन् तास न हलता ताणलेल्या स्नायूला रक्तही कमी पोचतं.

स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा थोडी खाली हवी, अंतर हातभर. बायफोकलवालीला आणखी खाली. रजिस्टरं काढायला पैसा लागला नाही. लॅपटॉपचं तसं नाही. तो उंच केला की हात अधांतरी, म्हणून वेगळा कीबोर्ड लागतो. साहेब म्हणाले, ‘बायकांच्या तक्रारी!’

हे नवं नाही. १९८० च्या दशकात ऑस्ट्रेलियात टायपिस्ट आणि टेलिफोन खात्यातल्या बायकांचे हात-मान दुखू लागले, तेव्हा काही डॉक्टरांनी त्याला चक्क उन्माद ठरवलं. युरोपीय समुदायानं मात्र १९९० साली नियम केला : स्क्रीन सहज फिरवता, कलवता आला पाहिजे आणि कामात अधूनमधून खंड हवा.

ताईंची मान आता बरी आहे, खांदा नाही. उठलं की फॉर्म बुडतो, मग उठणार कोण? म्हणून आम्ही अर्ज लिहिलाय : वेगळे कीबोर्ड, आणि तासाला पाच मिनिटं, पैसे न कापता. नऊ जणींनी सही केली. ताईंनी अजून केलेली नाही. काम जाईल अशी त्यांना भीती आहे, आणि ती खोटी आहे असं मला म्हणता येत नाही.